पोस्टरवर उरलेला हात

माझी धाकटी बहीण रत्ना अठ्ठावीस वर्षं मला बहरीनला बोलावत होती आणि अठ्ठावीस वर्षं माझी काही ना काही सबब तयार होती. शाळा, मग शाळेची इमारत, मग शाळेचा सुवर्णमहोत्सव. शेवटी गेले ती तिचा तिथला संसार आवरायला. तिचे यजमान सुदामराव साठीचे झाले होते, कंपनी व्हिसा वाढवून देणार नव्हती, आणि दोघं कायमची अकोल्याला परत येणार होती. मी निवृत्त मुख्याध्यापिका. सामान बांधणं आणि लोकांना कामाला लावणं, या दोन्ही गोष्टी मला बऱ्यापैकी जमतात.

आठ दिवस राहिले. बहरीन एवढासा देश आहे, तेवढ्यात सगळा पाहून होतो असं लोक म्हणतात. मी निम्मासुद्धा पाहिला नाही. त्याचं कारण एक निवडणूक.

हूरा

रत्नाचं घर राजधानी मनामाच्या हूरा वस्तीत, एका शिंप्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर. खाली उतरलं की हॉटेलं, मोबाइलची दुकानं, केरळी खानावळी, आणि मराठी सोडून सगळ्या भाषा. फेब्रुवारीची हवा इतकी छान होती की अकोल्याच्या उन्हाळ्याची आठवण काढायचीही इच्छा होईना. कोपऱ्यावर भट्टी होती. तिथून सुदामराव सकाळी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या गरम रोट्या आणत. परातीएवढी रोटी आणि जाडी पापडाहून जरा जास्त. मी ठेचा लावून खाल्ली आणि आपल्या भाकरीशी थोडी बेइमानी झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुदामरावांनी हौसेने इथला खास नाश्ता आणला. गोड शेवया, वेलची आणि केशर घातलेल्या. मी खूश. चमचा घातला तर शेवयांवर आम्लेटची घडी. कोणाच्या तरी ताटातलं चुकून इकडे आलं असं समजून मी ती बाजूला काढून ठेवली. सुदामराव हसत म्हणाले, "ताई, ते सोबतच खातात." खाल्लं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं, हेही लिहिते.

सुदामरावांबद्दल थोडं सांगायला हवं. मनुष्य एसी दुरुस्तीचा मेकॅनिक म्हणून इथे आला आणि सुपरवायझर होऊन निघाला. आपल्या बौद्ध बांधवांचं एक छोटं मंडळ इथे आहे. एप्रिलमध्ये जयंती, मे महिन्यात बुद्धपौर्णिमा, मधूनमधून वंदना, असा त्याचा कार्यक्रम. सुदामराव त्याचे अकरा वर्षं अध्यक्ष. पण त्यांची खरी ओळख निराळी आहे. ते पहिल्यांदा इथे उतरले तेव्हा न्यायला कोणी आलंच नव्हतं. सहा तास विमानतळावर उपाशी बसले होते. तेव्हापासून आपला कोणीही नवा माणूस येणार असला, की हे स्वतः डबा घेऊन हजर. पिठलं, भाकरी, ठेचा. निम्म्या मंडळाने बहरीनमधला पहिला घास सुदामरावांच्या डब्यातला खाल्लेला आहे.

आणि याच मंडळात त्यांचं नाव आता कोणालाच नको होतं.

ईसा टाउन

हे मला कळलं ते मोठ्या बॅगा घ्यायला ईसा टाउनच्या बाजारात गेलो तेव्हा. इथे भारतीय मुलांची मोठी शाळा आहे. दुपारी पिवळ्या बसांची रांग लागलेली, आणि बसमधून उतरणारी पोरं आईशी इंग्रजीत भांडत होती. एक मराठी बाई समोरून आली, माझ्याशी थांबून चांगली बोलली, अकोल्याची चौकशी केली. शेजारी उभ्या सुदामरावांकडे मात्र तिने पाहिलंही नाही. तिच्याबरोबर दहा वर्षांची मुलगी होती, ती पाहत होती.

बॅग राहिली बाजूला, मी विचारलंच. सुदामरावांनी सगळं सांगितलं, स्वतःला जराही न वाचवता.

मुलं मराठी विसरायला लागली म्हणून मंडळाने दोन वर्षांपूर्वी ठराव केला होता, की मंचावर मराठीतच बोलायचं. गेल्या जयंतीला ही मुलगी, सान्वी, इंग्रजीत भाषण पाठ करून आली. तिच्या घरच्यांना वाटलं, लहान मुलांना सूट असेल. तीन वाक्यं झाली आणि अध्यक्ष उठले. "बेटा, मराठीत बोल," म्हणाले, तेही प्रेमानेच. मुलीला मराठी समजतं, पण बोलायचं तर शब्द जमवावे लागतात. ती भरल्या हॉलमध्ये गप्प उभी राहिली, मग खाली पळाली. तिच्या घरच्यांनी मंडळात येणं सोडलं. पाठोपाठ ईसा टाउनमधल्याच आणखी आठ-दहा घरांनी सोडलं.

"मी तीनदा गेलो त्यायच्या घरी," सुदामराव म्हणाले. "चहा देतात. बोलत नाहीत."

"अहो, पण ठराव तर मंडळाचा ना?" मी म्हटलं.

"उठलो तर मी होतो ना, ताई."

माझी मुख्याध्यापकी जागी झाली. घरी आल्यावर रत्नाला विचारलं तर तिने कपाटातून मंडळाच्या सभांची वही काढून माझ्यासमोर आपटली. त्या ठरावाखाली स्वच्छ लिहिलेलं होतं. सूचक मिलिंद खंडारे, अनुमोदक प्रवीण डोंगरे. म्हणजे ठराव मांडला एकाने, पाठिंबा दिला दुसऱ्याने. अध्यक्षांची फक्त सही. वही तेव्हा मिलिंदच लिहायचा, असं रत्ना म्हणाली; शेजारी त्याच्याच अक्षरात आणखी एक ओळ होती, 'अध्यक्षांनी मुलांबाबत विचार करावा असे सुचवले, सभेने नाकारले.'

आता शुक्रवारी अध्यक्षपदाची निवडणूक होती, आणि उमेदवार होते दोन. मिलिंद खंडारे आणि प्रवीण डोंगरे.

पुन्हा हूरा

मिलिंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. मूळचा कल्याणचा, इथे विमा कंपनीत ऑफिसात. बायकोने केलेल्या चकल्यांचा डबा आणला होता. सुदामरावांच्या पाया पडला, माझ्या पडला, आणि दोन चकल्या खाऊन होईपर्यंत हवेबद्दलच बोलत राहिला. मी जागची हलत नाही हे पाहिल्यावर शेवटी मुद्द्यावर आला.

शुक्रवारी सर निरोपाचं भाषण करतील, त्यात त्यांनी कृपा करून मिलिंदचं कौतुक करू नये. ईसा टाउनची घरं या निवडणुकीसाठी परत येणार आहेत, त्यांची मतं लागतील. सरांचा माणूस असा शिक्का बसला तर खलास. हे सगळं त्याने खाली मान घालून सांगितलं. मग जरा थांबून म्हणाला, "सर, खरं तर तुम्ही मला थोडं झापलंत ना, तर जास्त बरं होईल."

सुदामराव त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "किती झापू?"

मिलिंदला ते गमतीचं वाटलं नाही. त्याने खरोखर विचार केला आणि म्हणाला, मिनिटभर पुरे.

तो गेल्यावर मी चकल्यांचा डबा दूर सारला. सुदामरावांनी तो परत ओढून घेतला. चकल्या चांगल्या होत्या, असं त्यांचं म्हणणं पडलं.

बुसैतीन

बुधवारी प्रवीणकडे जेवायला गेलो. तो साताऱ्याकडचा, लिफ्ट दुरुस्तीतला. मुहर्रक बेटावर बुसैतीनला राहतो. घरापासून चार पावलांवर समुद्र आणि पलीकडे मनामाचे उंच मनोरे. पाणी इतकं शांत, की आमचा मोर्णा नदीवरचा बंधारासुद्धा याहून जास्त आवाज करतो. त्याच्या बायकोने भाताबरोबर इथला साफी नावाचा मासा तळला होता. काटे पुष्कळ, पण चव अशी की मी बोलणं बंद केलं. माझ्या बहिणीच्या मते हे फार क्वचित घडतं.

जेवायच्या आधी मी प्रवीणचं पोस्टर पाहिलं होतं. कागदावर नाही, मोबाइलवर, मंडळाच्या ग्रुपवर आलेलं. फोटो जुना, कुठल्याशा जयंतीचा. त्यात सुदामराव प्रवीणच्या खांद्यावर हात टाकून उभे होते. प्रवीणने सुदामरावांना कापून काढलं होतं, पण हात काही निघाला नव्हता. पोस्टरवर हसणारा प्रवीण आणि त्याच्या खांद्यावर कोणाची तरी चार बोटं, मनगटावर पिवळ्या पट्ट्याचं घड्याळ. ते घड्याळ सगळ्या मंडळाला माहीत. रत्ना रडेल असं मला वाटलं होतं, पण ती ते पोस्टर बघून इतकी हसली की तिला ठसका लागला. आमच्याकडे पंचायतीच्या निवडणुकीतसुद्धा उमेदवार आपल्यापेक्षा पुढाऱ्याचा फोटो मोठा छापतो. पुढाऱ्याला कापून हात ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

जेवण झाल्यावर आम्ही पाण्याकाठी फिरायला गेलो. प्रवीण सुदामरावांच्या बाजूने चालत होता, मी मागे. त्याचं म्हणणं ऐकू येत होतं आणि मी ऐकत होते. मिलिंदला हवं होतं तेच त्यालाही हवं होतं. कौतुक नको, जमलं तर थोडी टीका. पण मिलिंदसारखं त्याला हे नीट मांडता येईना. मध्येच तो थांबला.

"सर, मला लाज वाटते हे बोलायला," तो म्हणाला. "पण मला मंडळ मोडू द्यायचं नाहीये. ती घरं परत आणायची तर तुमच्यापासून लांब उभं राहावं लागेल. तुमच्याकडूनच शिकलोय सगळं, आणि तेच बोलता येत नाही."

"मफी मुश्किल," सुदामराव म्हणाले. काही अडचण नाही, असा त्याचा अर्थ. "तुले बी झापतो."

परतताना गाडीत माझा संताप होत होता. पण एक गोष्ट मला खुपत होती आणि ती इथे कबूल केली नाही तर हे लिहिणं खोटं होईल. मी हेच केलेलं आहे. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी मी आले. त्यांनी मला शिकाऊ शिक्षिकेपासून तयार केलं होतं. त्यांची शिस्त पालकांना जाचक वाटायची, त्यातही छडीचा नियम. पहिल्याच पालकसभेत मी म्हटलं, "ते जुन्या मुख्याध्यापिकांच्या काळातलं, आता तसं नाही." टाळ्या पडल्या होत्या. तो नियम मुळात मीच लिहिला होता, हे त्या सभेत कोणाला माहीत नव्हतं. बाईंना माहीत होतं. त्या गाव सोडून मुलाकडे पुण्याला गेल्या तेव्हा मी स्टेशनवर गेले नाही. काही वर्षांनी त्या अकोल्याला परत आल्या, तरी माझ्याकडून जाणं झालं नाही.

शुक्रवार

भाड्याचा छोटा हॉल. सत्तरेक माणसं. ईसा टाउनची घरं आली होती आणि एका बाजूला एकत्र बसली होती. सान्वी आईजवळ, मोबाइलमध्ये डोकं घालून. मतांच्या चिठ्ठ्यांसाठी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला होता. सभेची वही नव्या अध्यक्षांना सोपवायची होती. पण घरून निघताना रत्नाने ती हळूच माझ्या पर्समध्ये सरकवली होती आणि नवऱ्याला सांगितलं होतं की सापडत नाही. मला म्हणाली, "वेळ आली तर वाच. तुझा आवाज खणखणीत आहे."

मी वाचणार होते. ठरवूनच बसले होते.

वंदना झाली, दोघा उमेदवारांची भाषणं झाली. दोघांनीही नवी सुरुवात, नवं वातावरण, मुलांना मोकळीक, असं सगळं सांगितलं. सुदामरावांचं नाव दोघांनीही घेतलं नाही. 'पूर्वी काही चुका झाल्या,' एवढंच. समोरच्या रांगेत पिवळ्या पट्ट्याचं घड्याळ घालून तो माणूस शांत बसला होता.

मग ते उठले. माझा हात पर्सच्या चेनवर.

भाषण तीन-चार मिनिटांचं झालं. आधी आभार, मग झापण्याचं वचन होतं ते त्यांनी असं पाळलं. म्हणाले, "मराठीतच बोलायचं, हा हट्ट माझा होता. मिलिंद आन् प्रवीण दोघंबी नाही म्हनत होते. भांडले माझ्यासंग. मी त्यायचं ऐकलं नाही. ऐकलं असतं तर बरं झालं असतं."

 मी मिलिंदकडे पाहिलं, तो जमिनीकडे पाहत होता. प्रवीणने तोंडावर हात ठेवला होता. रत्नाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मला उठता आलं असतं. वही माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होती. पण त्या माणसाने सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने घेतलेलं ओझं मी कुठल्या तोंडाने उतरवणार होते?

मग सुदामरावांनी खिशातून चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि सान्वीकडे वळून वाचलं. "सान्वी बेटा, आय स्टॉप्ड युवर स्पीच. दॅट वॉज माय मिस्टेक. आय ॲम सॉरी." अकरा वर्षांत त्यांनी मंचावरून इंग्रजीत बोललेली ही पहिली वाक्यं. शेजाऱ्याच्या मुलाकडून लिहून घेतली होती, हे मला नंतर कळलं.

सान्वीने मान वर केली. "इट्स ओके, अंकल," ती म्हणाली, आणि आईकडे पाहिलं. आईने डोळे पुसले. मला तर रडू आवरेना.

प्रवीण चार मतांनी निवडून आला. फोटो झाले. जेवणं झाली. ईसा टाउनच्या बायका रत्नाशी बोलल्या, एकीने आमटीची कृती विचारली. मंडळात जेवणाची मोठी भांडी अध्यक्षाने घासायची, असा सुदामरावांनीच पाडलेला रिवाज होता. त्या दिवशीही ते मागे जाऊन बाह्या सारून भात शिजवलेलं पातेलं घासत बसले. कोणी त्यांना बोलवायला आलं नाही.

घरी आल्यावर मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. खोटं बोललात, आणि तेही वंदनेनंतर. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "ताई, मी तं चाललो. मी गेल्यावर मले कोनी काही म्हनो. त्यायले इथंच राहाचं हाये. रोज एकमेकाचं तोंड पाहाचं हाये." आणि वर म्हणाले, "वही तुमच्यापाशी हाये ना? मले माहीत होतं."

विमानतळ

रविवारी सकाळचं विमान. कोणी कायमचं निघालं की मंडळाने निरोप द्यायला जायचं, हाही त्यांचाच रिवाज. कोणी आलं नाही. रत्ना दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती. सुदामराव मात्र बॅगांच्या दोऱ्या तपासत होते. वेळ हातात होता, म्हणून शेवटचा कडक चहा प्यायला ते आम्हाला येणाऱ्यांच्या बाजूला घेऊन गेले. तिथला चहावाला त्यांच्या ओळखीचा. अठ्ठावीस वर्षं याच कठड्याशी उभं राहिल्यावर ओळख होणारच.

आणि कठड्याशी प्रवीण उभा होता. एका हातात नाव लिहिलेला कागद, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा.

आम्हाला पाहून त्याचा चेहरा उतरला.  नवा माणूस येतोय, म्हणाला, परभणीचा, वेल्डर, याच वेळेचं विमान. सुदामराव जवळ गेले, पिशवीत हात घालून डबा चाचपला. "गरम हाये. ठेचा देला काय?"

"दिलाय."

प्रवीणने ती पिशवीच त्यांच्यापुढे केली. तुम्ही घ्या सर, प्रवासात होईल. सुदामरावांनी ती परत त्याच्या हातात दिली. "तो उपाशी येऊन राह्यला," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ताई, वही द्या त्याले. अध्यक्षाची असते."

मी पर्समधून वही काढून दिली. प्रवीणने ती ओळखली. कुठलं पान कुठे आहे, हे त्याला पाठ असणार.

"ही शुक्रवारी हॉलमध्ये तुमच्याकडे होती?" त्याने मला विचारलं.

"होती," मी म्हटलं.

 तो वही छातीशी धरून उभा राहिला. तेवढ्यात दारं उघडली आणि माणसं बाहेर येऊ लागली. त्यांत एक घाबरलेला, नवा कोरा शर्ट घातलेला तरुण कागदावरचं स्वतःचं नाव वाचून थबकला. "जयभीम," तो म्हणाला, आणि कोणाकडे पाहून म्हणावं हे न कळून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.

प्रवीणने त्याची बॅग घेतली. मग पिवळ्या पट्ट्याच्या घड्याळाचा तो हात धरून सुदामरावांना पुढे केलं.

"हे आपले अध्यक्ष," तो म्हणाला.

सुदामराव त्याला दुरुस्त करायला गेले. मग राहू दिलं. त्यांनी त्या परभणीच्या पोराला एवढंच विचारलं, "जेवला काय बाबा?"

अकोल्याला पोचल्यावर चौथ्या दिवशी मी मोठ्या बाईंच्या घरी गेले. आता नव्वदीला टेकल्यात, नीट दिसत नाही. पिठलं आणि ज्वारीची भाकरी डब्यात नेली होती, गरम. त्यांनी दाराशी कोण आहे म्हणून विचारलं.

"मी, बाई," मी म्हटलं. "छडीचा नियम लिहिला होता, ती."